सातलेणीच्या डोंगरावरचा पहिला जोड

आमच्या धंद्यात ग्लास एक तर एकटा जातो, नाहीतर सहाच्या पटीत. लग्नघरात सहा, बारा, चोवीस. आणि लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहिलेल्या पोरांना एक ताट, एक वाटी, एक ग्लास. दोन ग्लास कोणी घेत नाही. नवीन लग्न झालेलं जोडपंसुद्धा घेत नाही, कारण घरी पाहुणा टपकणार हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून त्या वर्षी पोरं दुकानात येऊन मोजून दोनच ग्लास मागायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

माझं नाव मुज्तबा. गंजगोलाईजवळच्या गल्लीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, अब्बांच्या वेळेपासूनचं. अब्बांचं नाव जलील, पण बाजार त्यांना 'नाववाले' म्हणायचा, कारण भांड्यावर नाव टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते छिन्नी-हातोडीने ठिपक्याला ठिपका लावत जायचे. मी मशीनने टाकतो. मशीनने काम लवकर होतं आणि वळण बिघडतं, हे अब्बा शेवटपर्यंत मला ऐकवत राहिले. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय मात्र त्यांची नाही, ती माझी स्वतःची. आबेदा, माझी बायको, म्हणते की तुम्ही नाव टाकता टाकता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या काढून घेता. काढतो. समोर आलेलं माणूस तसंच जाऊ कसं द्यायचं?

एका शनिवारी पुनम नावाची पोरगी आली. हदगावकडची, डॉक्टरकीच्या परीक्षेची दुसरी खेप. तिनेही दोनच ग्लास घेतले. एकावर नाव टाकायला सांगितलं आणि दुसऱ्यावर परीक्षेचा नंबर.

"बेटा, दोन कशाला? मैत्रीण राहायला आली का?" मी विचारलं.

"न्हाई काका. डोंगरावर ठेवायचेत."

"कोणत्या?"

"सातलेणीच्या. निलंग्याच्या वाटेवर बुद्धाची लेणी हाय ना, तिथं. एक गिलास सुलटा ठेवायचा, त्याच्यावर दुसरा पालथा. मग स्तूपाला तीन फेऱ्या मारून यायच्या. तोवर उभे राहिले तर नंबर लागतो."

"आणि पडले तर?"

"पुढच्या रविवारी परत जायचं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सगळेच करून राहिले, काका," ती म्हणाली आणि नंबर बरोबर पडलाय का ते दोनदा तपासून निघून गेली.

सगळेच करतात हे काही उत्तर नव्हे. दर्ग्याला धागा बांधायचा, कुठे नारळ फोडायचा, या सगळ्याची सुरुवात कोणीतरी एका माणसाने एका दिवशी केलेली असते. त्याला तेव्हा काय सुचलं, हे मला लहानपणापासून विचारावंसं वाटतं आणि तो माणूस कधीच जिवंत सापडत नाही. इथे मात्र गोष्ट ताजी होती. एकावर एक ग्लास ठेवणारं ते पहिलं माणूस अजून कुठेतरी चहा पीत बसलेलं असणार. मला ते हवं होतं.

चार दिवसांनी केरबा गुरुजी दुकानात आले. निवृत्त शिक्षक, सातलेणी विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी पिशवीतून दहा-बारा ग्लास काढून माझ्यासमोर आदळले.

"मुज्तबाभाई, हे तुमचंच काम ना?"

"नाव माझ्या मशीनचं आहे, गुरुजी. बाकी मला काही माहीत नाही."

"बाकीचं मी सांगतो. बुद्धाकडं काही मागायचं नसतं, हे मी पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं. आम्ही नवस-सायास सोडले त्याला साठ वर्षं झाली. आता बाहेरून आलेली पोरं आमच्याच डोंगरावर नवस करून राहिली, आणि आमच्यातलीबी त्यांच्या मागं लागली. बुद्धपौर्णिमेच्या आत एकबी गिलास वर राहणार न्हाई. तुम्ही या, सगळे पोत्यात भरा, नावं घासून काढा. पौर्णिमेला लोकांना पाणी प्यायला होतील."

"येतो. पण हे सुरू कोणी केलं?"

"तेच मला बी पाहिजे," गुरुजी दात-ओठ खात म्हणाले. "सापडू द्या एकदा."

माझा आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. विहाराच्या दोन पातेल्यांवर नाव टाकायचं कामही त्यांनी त्याच दमात सांगितलं. डोंगरावर लाइटीचा भरवसा नव्हता, म्हणून मी अब्बांची छिन्नी-हातोडी, ग्लास आतून धरायची लाकडी खुंटी, खडू आणि पॉलिश पेपर पिशवीत टाकला आणि रविवारी सकाळची निलंग्याची एसटी धरली. एसटीत निम्मी पोरंच होती. सगळ्यांच्या मांडीवर ग्लास खडखडत होते.

फाट्यावर उतरून चारशे पायऱ्या चढायच्या. माझं वय पन्नाशीपलीकडचं आणि आयुष्य गादीवर बसून गेलेलं, त्यामुळे दीडशेव्या पायरीपासून मी शोध-बिध विसरून फक्त श्वास घेत होतो. पण वर पोहोचलो आणि उभाच राहिलो. बालाघाटच्या रांगा एकामागे एक, मागची पुढचीपेक्षा फिकट, आणि शेवटची तर आभाळ की डोंगर ते कळू नये अशी. खाली उसाचे थोडे हिरवे चौकोन, बाकी सगळं एप्रिलचं करपलेलं रान. मधेच फूटपट्टीने आखल्यासारखी एका मापाची घरं दिसत होती. ती भूकंपानंतर बसवलेली गावं. लातूरला जन्म गेला, पण आपल्याकडे असं काही बघायला मिळतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग ग्लास दिसले. स्तूपाच्या कट्ट्यावर, लेण्यांच्या उंबऱ्यावर, कातळाच्या प्रत्येक खाचेत एकावर एक ग्लास. हजारभर तरी असतील. आतल्या लेण्यात दगडाचा बुद्ध डोळे मिटून बसला होता आणि बाहेर पोरं फेऱ्या मारताना दर वळणावर मान वळवून आपापले ग्लास बघत होती. वारा आला की कुठेतरी टणकन आवाज व्हायचा आणि वीस-पंचवीस चेहरे एकदम पांढरे पडायचे. मला आधी हसू आलं. मग पुनम दिसली. तिचे ग्लास पडले होते आणि ती खाली बसून ते ओढणीने पुसत होती. माझं हसू तिथेच थांबलं.

मी जो दिसेल त्याला विचारत सुटलो. हे कोणी सांगितलं? रूममेटने. त्याला कोणी सांगितलं? सीनियरने. सीनियर कुठे आहे? नागपूरला मेडिकलला. एक चुणचुणीत पोरगी म्हणाली की हे तिबेटहून आलंय. दुसऱ्याने सम्राट अशोकाचं नाव घेतलं. अशोकाच्या काळात स्टेनलेस स्टील होतं का, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, तेव्हा तांब्याचे असतील. दुपारपर्यंत माझ्या हाती एवढंच लागलं.

बारा वाजता ऊन तापलं, पोरं उतरून गेली आणि गुरुजींनी माझ्या हातात पोतं दिलं. ते स्तूपाकडून भरायला लागले, मी लेण्यांकडून. सातव्या लेण्याच्या मागे पत्र्याची एक खोली होती. तिच्या दारातही एकावर एक दोन ग्लास उभे होते, जुने, जाड पत्र्याचे. मी हाताच्या सवयीने ते उचलले.

"ते ठिवा भाऊ. ते पोरांचे न्हाईत, मव्हे हायत."

आतून एक बाई बाहेर आली. माझ्याच वयाची, पांढरी साडी, हातात खराटा. ही नागुबाई. डोंगरावरची झाडलोट करायची आणि खालच्या बोअरवरून पाणी आणायची, असं गुरुजींनी येतानाच सांगितलं होतं.

"ताई, तुम्हालाही परीक्षा आहे का?" मी म्हणालो.

ती हसली नाही. माझ्या हातातून ग्लास घेऊन तिने ते परत एकावर एक ठेवले आणि पडत नाहीत ना ते दोन पावलं मागे जाऊन बघितलं. त्या ठेवण्यात नवस नव्हता. दाराला कडी लावून ती ओढून बघावी, तसं होतं ते. माझे कान टवकारले गेले.

"किती वर्षं झाली असं ठेवताय?"

"भूकंपापासून. चोवीस होतील."

मग ती उंबऱ्यावर बसून सांगायला लागली. तिचं गाव जुनी चिंचोली. दगड-मातीची घरं पडली, तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी आत राहिली. ती पहाटे उठून बाहेर गेली होती म्हणून वाचली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांना ठेवलं. रोज हादरे बसायचे. तेव्हा प्रत्येक शेडमध्ये उशाशी ग्लासावर ग्लास पालथा ठेवायची पद्धत पडली. जमीन जराशी हलली तरी ग्लास पडायचा, त्या आवाजाने लोक उठून बाहेर पळायचे. त्याशिवाय कोणाचा डोळा लागत नव्हता. वर्ष-दीड वर्षात लोकांनी ते सोडलं. नागुबाईने नाही सोडलं. पुढे ती डोंगरावर राहायला आली, तेव्हाही दोन्ही ग्लास बरोबर आणले.

"मंग त्या पोरी आल्या, लातूरच्या. म्हनल्या, आजी, हे काय? म्या म्हनलं, हे हुभं हाय तवर काई हुत न्हाई, बिनघोर ऱ्हा. त्यांना ते लई आवडलं. पुढच्या टायमाला त्यांनीबी दोन-दोन आनले."

तर हे होतं ते. तिबेट नाही, अशोक नाही. एका बाईची झोपायची युक्ती. मी ज्या माणसाला आठवडाभर शोधत होतो, ते माझ्यासमोर खराटा घेऊन बसलं होतं, आणि ते सापडल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. गुरुजी पोतं भरत इकडेच येत होते. एकही ग्लास ठेवणार नाही म्हणालेले गुरुजी.

"गुरुजींना माहीत आहे का?"

"न्हाई. भ्या वाटतंय. ते म्हनतील, हे बी द्या पोत्यात." तिने वरचा ग्लास उचलून छातीशी धरला. "बाकी काई बी न्या भाऊ. ह्याच्यावर पोरीचं नाव हाय. उषाचं. साळंत घातली तव्हा तिच्या बापानं लातूरला घेऊन दिला. नाव टाकताना म्या तिथंच हुबी हुते. भूकंपाच्या मागून मिलिटरीवाल्यांनी भांडी उकरून रस्त्यावर ढीग घातला हुता, त्यातनं म्या हुडकून काढला. तिचा फोटू न्हाई, कपडा न्हाई. एवढं नावच हाय."

लातूरला टाकलं म्हणजे अब्बांनी टाकलं असणार. मला राहवेना. मी हात पुढे केला आणि तिने थोडा विचार करून ग्लास दिला. काठाखाली ठिपके होते, पण इतके झिजलेले की डोळ्याला नुसता खरखरीतपणा दिसावा. दुसऱ्या कोणाला ते वाचता आलं नसतं. नागुबाईला अक्षरओळख नव्हती, आणि काय लिहिलंय ते पक्कं माहीत असल्यावर कोणाकडून वाचून घ्यायची गरज तिला पडली नव्हती. अशा नावासाठी आमच्यात एक उपाय आहे. ओला खडू चोळायचा आणि अंगठ्याने पुसून घ्यायचा. ठिपक्यांत खडू राहतो. मी तसं केलं आणि ग्लास उन्हात धरला.

सौ. कस्तुराबाई शेषेराव पाटील.

वळण अब्बांचंच होतं. त्यांचा 'र' मी कुठेही ओळखतो. मी परत वाचलं. ढिगातून काढताना तिने सारख्या मापाचा, सारख्या ठिकाणी नाव असलेला ग्लास उचलला होता, आणि तो उषाचा नव्हता.

"आलं का वर नाव?" नागुबाईने विचारलं.

मी अंगठा नावावरच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मला काही कळलं होतं आणि ते कोणाला सांगू नये असं वाटत होतं. हे कशाला वाचायला गेलो, असं झालं. खरं सांगितलं तर चोवीस वर्षांनी तिची पोरगी दुसऱ्यांदा जाणार. न सांगावं तर उद्या कोणीतरी दुसरा खडू घेऊन येणार. तेवढ्यात मला शहाणपणा सुचला.

"लई झिजलंय, ताई. वाचता येत नाही. मी हे घासून नवीन टाकून देतो. अब्बांच्याच छिन्नीने. मग गुरुजींनाही सांगतो की हा ग्लास माझ्याकडून."

"उषाच टाकाल नव्हं?"

"उषाच."

ती खुश झाली. आत जाऊन तिने माझ्यासाठी पोतेऱ्याने जागा पुसून दिली. गिऱ्हाइकाला खरं सांगितल्याशिवाय नाव पुसायचं नाही, असा अब्बांचा नेम होता. तो मी त्यांच्याच हत्यारांनी मोडला. पॉलिश पेपरने घासलं तशी कस्तुराबाई पाटील पाच मिनिटांत गेली. मग ग्लास खुंटीवर घालून मी छिन्नी धरली. एवढं मन लावून मी कधी काम केलं नसेल. ठिपक्याला ठिपका लागत गेला, 'उ' चं पोट गोल आलं, 'ष' ची तिरकी रेघ सरळ उतरली. मला वाटलं, अब्बांनीही यात खोट काढली नसती.

नागुबाईने ग्लास हातात घेतला आणि त्यावर बोट फिरवलं. बोट थांबलं. तिने परत फिरवलं.

"एवढंच?"

"उषा. दोनच अक्षरं आहेत, ताई."

"आदी लांब हुतं." तिने काठाजवळ बोटाने दाखवलं. "हितून पार हितवर. आदी एक बारकं, मंग ठिपका, मंग लांब लांब. म्या रोज निजताना बोट फिरवती. मला पाठ हाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "भाऊ, खरं सांगा. तिथं काय हुतं?"

मला तिच्याकडे बघवेना. समोरच्या डोंगरांकडे बघत मी ते नाव सांगून टाकलं.

तिने ग्लास मांडीवर ठेवला. मला वाटलं, ती रडेल, नाहीतर ग्लास माझ्या अंगावर फेकेल. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं.

"वरल्या आळीची," ती शेवटी म्हणाली.

"ओळखत होता?"

"वळखीत कशी न्हाई. त्यांच्यातच कामाला जायची म्या. पानी मागितलं की वरून वंजळीत घालायची. गिलासाला हात लावू देत नव्हती." मग म्हणाली, "तिची बी काई चूक न्हाई. सासू बगत बसायची. सासू नसली की गूळ द्यायची पानी घालायच्या आदी. सातवा म्हैना लागला हुता तिला. त्या घरातलं एकबी मानूस वाचलं न्हाई."

"चुकलं माझं, ताई. तुम्हाला विचारून पुसायला पाहिजे होतं."

"पुरं पुसलंत?"

"पुरं."

"म्हंजी आता तिचं नाव कुटंच न्हाई."

एवढ्यात केरबा गुरुजी पोतं ओढत सातव्या लेण्याला वळसा घालून आले. नागुबाई उठली नाही आणि तिने ग्लासही लपवले नाहीत.

"गुरुजी, पयला जोड मव्हाच हाय," ती म्हणाली. "पोरांनी मव्हं बगून केलं. हादऱ्याच्या भ्यानं ठिवत हुते म्या. नवसाचं न्हाई."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. भूकंपात ते मदतीच्या ट्रकवर होते, त्यांना पत्र्याचे शेड माहीत होते. ते हळूच पायरीवर टेकले.

नागुबाईने खालचा ग्लास उचलला. त्याच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. तो तिने माझ्या पुढे केला.

"ह्याच्यावर तिचं टाका. चोवीस वर्सं म्या तिलाच पोरगी म्हनून उशाशी घेतली."

मी ग्लास खुंटीवर घातला, पण उंबऱ्यावर खुंटी हलत होती. गुरुजींनी पोतं बाजूला सारलं, पुढे वाकले आणि ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी छिन्नी काठाखाली टेकवली. पुसलेलं नाव मला तोंडपाठ होतं.

"पूर्ण लिहू ना?" मी विचारलं. "सौ. पासून पाटीलपर्यंत?"

नागुबाईने उषाच्या ग्लासावर बोट फिरवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "नुसतं कस्तुरा लिवा. उषासारखं."